व्याख्येत बांधलेली गाठ : पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगसचं संशोधन कसं वाचायचं

पेटची तयारी करणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : ‘अमुक आजाराचा तमुक आजाराशी संबंध असल्याचं पूर्वीच्या संशोधनातून दिसून आलं आहे.’ त्याला जोडून चार-पाच नावं आणि सालं. मुलाखतीत समोरच्या सरांनी नुसतं विचारलं, ‘दिसून आलं म्हणजे कसं?’, की बहुतेकांची गाडी तिथंच अडते. आपण आज अशाच एका ‘संबंधा’ची चिरफाड करणार आहोत. विषय आहे त्वचेवर फोड आणणारे ऑटोइम्यून आजार आणि शरीरात लपलेल्या गाठी. यातला सगळ्यात गाजलेला आजार म्हणजे पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगस. नाव लांबलचक आहे, पण घाबरू नका. खरा घोटाळा त्या नावातच आहे, तो पुढे बघू.

आधी एक सांगून ठेवते. मी बायोकेमिस्ट्रीची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. इथलं काही वाचून कोणाच्या तोंडातल्या जखमेचं निदान करायला जाऊ नका. आपलं काम पेपर वाचायचं आहे.

आपल्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ही पकड ज्या ठिकाणी असते त्याला डेस्मोसोम म्हणतात. शर्टाच्या टिचबटणासारखी रचना समजा. पेशीच्या बाहेर येऊन शेजारणीचा हात धरणारं प्रथिन म्हणजे डेस्मोग्लीन. आणि पेशीच्या आत राहून त्या बटणाला कापडाशी, म्हणजे पेशीच्या आतल्या तंतूंशी, शिवून ठेवणारी प्रथिनं म्हणजे प्लाकिन कुटुंब : डेस्मोप्लाकिन, एन्व्होप्लाकिन, पेरिप्लाकिन वगैरे. नेहमीच्या पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये शरीर डेस्मोग्लीनविरुद्धच अँटीबॉडी तयार करतं. पकड सुटते, पेशी एकमेकींपासून विलग होतात, मध्ये पाणी साठतं आणि फोड येतो. तो इतका नाजूक असतो की लगेच फुटतो आणि मागे ओली, सोललेली जागा उरते. सुरुवात पुष्कळदा तोंडातून होते.

पश्चिम युरोपात फोडांच्या ऑटोइम्यून आजारांमध्ये म्हाताऱ्या माणसांना होणारा बुलस पेम्फिगॉइड जास्त दिसतो. आपल्याकडे पेम्फिगस व्हल्गॅरिस जास्त, आणि रुग्णही तुलनेनं तरुण. म्हणूनच भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना पेम्फिगस चांगला ओळखीचा आहे. डेक्सामिथासोन-सायक्लोफॉस्फामाइड पल्स ही उपचारपद्धती दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच आजारासाठी उभी केली : दर २८ दिवसांनी तीन दिवस सलाइनमधून औषध. त्यानं भारतातल्या असंख्य रुग्णांचं आयुष्य बदललं. पण एखादा आजार फार ओळखीचा असला की त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा त्याच्या गर्दीत लपतो. हा मुद्दा डोक्यात ठेवा.

आता मूळ पेपर. १९९० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या ग्रँट अॅनहाल्ट आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांचं वर्णन छापलं. फक्त पाच! पाचही जणांना शरीरात कुठे ना कुठे गाठ किंवा कर्करोग होता. तोंडात भयंकर वेदनादायक जखमा होत्या आणि अंगावर नाना तऱ्हेचे चट्टे-फोड होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर अर्धं चित्र पेम्फिगसचं आणि अर्धं दुसऱ्याच कुठल्या आजाराचं. म्हणजे पेशी सुटलेल्या होत्या, पण काही पेशी मेलेल्याही होत्या, आणि त्वचेच्या दोन थरांच्या सीमेवर दाह होता.

इथपर्यंत हा पेपर सामान्यच आहे. ‘गाठ आणि फोड एकत्र दिसले’ असं सांगणारे केस रिपोर्ट त्याआधीही छापून आलेले होते. मग हाच का गाजला? कारण लेखक इथं थांबले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी वाढवल्या, त्यांच्या प्रथिनांवर किरणोत्सारी खूण केली, पेशी फोडून अर्क काढला आणि त्यात रुग्णाचं सीरम टाकलं. सीरममधल्या अँटीबॉडी ज्या प्रथिनाला चिकटतील त्यांना घेऊन खाली बसतील. तो साका जेलवर चालवला की वजनानुसार पट्टे दिसतात. यालाच इम्युनोप्रेसिपिटेशन म्हणतात. नेटच्या अभ्यासात तुम्ही हे चार ओळींत पाठ केलेलं असेल, इथं ते खरोखर काय कामाचं आहे ते बघा. पाचही रुग्णांच्या सीरमनं एकच संच खाली ओढला : २५०, २३०, २१० आणि १९० किलोडाल्टनचे चार पट्टे. नेहमीच्या पेम्फिगसच्या सीरममध्ये असा संच मिळत नाही.

यात मला सगळ्यात जास्त आवडतो तो लेखकांचा संयम. २५० आणि २३०चे पट्टे कशाचे असावेत याचा अंदाज त्यांना होता, कारण ती ओळखीची प्रथिनं होती. २१० आणि १९०ची ओळख तेव्हा कोणालाच नव्हती. त्यांनी ते पट्टे तसेच, नुसत्या आकड्यांनी, मांडले. पुढे त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांना एन्व्होप्लाकिन आणि पेरिप्लाकिन अशी नावं मिळाली. आणखी एक १७० किलोडाल्टनचा पट्टा नंतर दिसायला लागला, त्याची ओळख तर २०१० साली पटली. तोपर्यंत तो नुसता ‘१७०’ म्हणून संशोधकांच्या जेलवर दिसत होता. आपल्याकडे प्रत्येक पट्ट्याला, प्रत्येक शिखराला लगेच नाव देऊन मोकळं व्हायची घाई असते. गाईडही विचारतात, ‘मग हे काय आहे?’ ‘वजन माहीत आहे, ओळख पटायची आहे’ हेही उत्तरच आहे.

त्याहून पुढचं पाऊल म्हणजे त्यांनी रुग्णांच्या अँटीबॉडी शुद्ध करून नवजात उंदरांना टोचल्या. उंदरांच्या त्वचेतही पेशी सुटल्या. म्हणजे ‘रुग्णात अँटीबॉडी आढळली’ इथून ‘अँटीबॉडी आजार करू शकते’ इथपर्यंत ते पोचले. पाच रुग्णांचा पेपर असून तो टिकला तो यामुळे.

आता टीका. पहिली टीका या पेपरवर कमी, आणि तो वाचणाऱ्यांवर जास्त आहे. चार पट्टे ओळखण्यासाठी उत्तम, पण फोड त्यांच्यामुळे येतात का? थोडा विचार करा. प्लाकिन प्रथिनं पेशीच्या आत असतात, आणि अँटीबॉडी रक्तातून येते ती पेशीच्या बाहेर. धडधाकट पेशीच्या आत शिरून ती प्लाकिनला कशी पकडणार? १९९८ साली मासायुकी आमागाई आणि सहकाऱ्यांनी याचा उलगडा करणारा पेपर काढला. पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगसच्या रुग्णांच्या सीरममध्ये डेस्मोग्लीन-३ विरुद्धच्या अँटीबॉडीही आहेत असं त्यांनी दाखवलं. मग सीरममधून नेमक्या तेवढ्याच गाळून काढल्या आणि उरलेलं उंदरांना दिलं, तेव्हा फोड आले नाहीत. म्हणजे १९९०च्या उंदरांमध्ये जे घडलं त्याचा कर्ता बहुधा डेस्मोग्लीनवाली अँटीबॉडी होती, आणि जे चार पट्टे आजाराची ओळख बनले ते मुख्य कर्ते नव्हते. ओळखीची खूण वेगळी आणि कारण वेगळं. पोलिसांनी चोराला त्याच्या लाल शर्टावरून पकडलं म्हणून चोरी शर्टानं केली असं होत नाही. तरी आजही कितीतरी परीक्षण-लेखांत ‘प्लाकिनविरोधी अँटीबॉडींमुळे होणारा आजार’ असं वाक्य सहज लिहून जातात.

बरं, याच खुणेतून एक सुंदर आणि स्वस्त चाचणी निघाली. उंदराच्या जातीतल्या रॅटच्या मूत्राशयाचं अस्तर घ्यायचं. त्यात प्लाकिन असतात, पण पेम्फिगसवालं डेस्मोग्लीन नसतं. त्यावर रुग्णाचं सीरम टाकायचं आणि चमकणारा रंग लावून बघायचं. नेहमीच्या पेम्फिगसचं सीरम तिथं चिकटणार नाही, या आजाराचं चिकटेल. मात्र ती सगळेच रुग्ण पकडत नाही. साधारण चारातला एक तिच्या हातून निसटतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

आपल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजच्या खाणी आहेत. समजा, उद्या कोणी एका खोकल्याला ‘खाण-खोकला’ असं नाव दिलं, आणि व्याख्या केली : ‘खाणीत काम करणाऱ्या माणसाला होणारा, अमुक लक्षणांचा खोकला.’ मग दहा वर्षांनी दुसरा कोणी सगळे छापील रुग्ण गोळा करून जाहीर करतो की खाण-खोकल्याचे शंभर टक्के रुग्ण खाणकामगार आहेत. तुम्ही हसाल. तो शोध नाही, ती व्याख्याच परत वाचून दाखवली. तोच खोकला तुमसरच्या राईस मिलमधल्या माणसाला झाला तर त्याची नोंदच होणार नाही, कारण तो व्याख्येत बसत नाही.

पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगसमध्ये थोडंफार असंच झालं. ‘पॅरानिओप्लास्टिक’ म्हणजे गाठीच्या अनुषंगानं होणारा. निष्कर्ष नावातच आला. १९९०च्या निकषांत पहिलाच निकष ‘लपलेल्या किंवा सिद्ध झालेल्या गाठीच्या संदर्भात’ तोंडातल्या जखमा आणि फोड असा होता. तिथं ‘लपलेली’ हा शब्द आहे, म्हणजे निदान खिडकी तरी उघडी होती. १९९३ साली कमिसा आणि हेल्म यांनी निकषांची फेरमांडणी केली : तीन मोठे, तीन छोटे. मोठे म्हणजे नाना तऱ्हेचे फोड-जखमा, शरीरात गाठ, आणि इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये ते ठरावीक पट्टे. छोटे म्हणजे रॅटच्या मूत्राशयावरची चाचणी, त्वचेच्या तुकड्यावर थेट इम्युनोफ्लुरेसन्समध्ये दिसणारा विशिष्ट नमुना, आणि बायोप्सीत सुटलेल्या पेशी. निदानासाठी तिन्ही मोठे हवेत, किंवा दोन मोठे आणि दोन छोटे.

कागदावर हे फार समजूतदार वाटतं. गाठ सापडली नाही तरी फोड आणि पट्टे हे दोन मोठे निकष होतातच की! पण आता हा तक्ता घेऊन तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयापासून नागपूरपर्यंत चालत या. फोड-जखमा डोळ्यांना दिसतात, झाला एक मोठा निकष. इम्युनोप्रेसिपिटेशन? ती नेहमीची तपासणी नाही, जगभरातच ती मोजक्या विशेष प्रयोगशाळांत होते. रुग्णाच्या केसपेपरवर ती कधी येणारच नाही. मग दुसरा मोठा निकष पुरा करायला उरलं काय? फक्त गाठ. म्हणजे जिथं ती महागडी चाचणी आहे तिथं गाठ ऐच्छिक, आणि जिथं चाचणी नाही तिथं गाठ सक्तीची. निकष तेच, शब्द तेच, पण बाल्टिमोरमध्ये आणि भंडारा जिल्ह्यात त्यांचा अर्थ वेगळा होतो. ही गोष्ट मला तक्ता स्वतः हातानं वहीत उतरवून काढला तेव्हा दिसली. नुसता वाचून दिसत नाही. तुम्हीही निकषांचे तक्ते हातानं लिहून बघत जा.

यात नुकसान नेमकं कोणाचं होतं तेही बघा. या आजाराच्या साधारण एक-तृतीयांश रुग्णांमध्ये फोड आधी येतात आणि गाठ नंतर सापडते. विशेषतः कॅसलमन आजार, म्हणजे लसीकाग्रंथीची एक बहुधा सौम्य गाठ, छातीत किंवा पोटाच्या मागच्या बाजूला गुपचूप बसलेली असते आणि पहिला निरोप तोंडातून येतो. अशा रुग्णाच्या बाबतीत निदानाचा उपयोगच हा की डॉक्टरांनी म्हणावं, ‘याच्या छातीचा-पोटाचा सीटी स्कॅन करा.’ पण निदानासाठीच गाठ हवी असेल तर? गाठ नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून स्कॅन नाही, आणि स्कॅन नाही म्हणून गाठ नाही. रुग्ण ‘पेम्फिगस, उपचाराला दाद देत नाही’ या शिक्क्याखाली स्टेरॉइडवर राहतो. मघाशी गर्दीत लपण्याबद्दल म्हटलं ते हेच.

२००४ साली अॅनहाल्ट यांनी स्वतः किमान निकष पुन्हा सुचवले : तोंडाचा चिवट दाह, बायोप्सीतले बदल, प्लाकिनविरोधी अँटीबॉडी आणि लसीकापेशींच्या वाढीची गाठ सिद्ध होणं. इथं ती १९९०ची ‘लपलेली’ची खिडकीही बंद झाली. संशोधनासाठी रुग्ण निवडताना असा कडक निकष चालतो, चालतो काय, लागतोच, नाहीतर भलतेच आजार मिसळतात. पण तोच निकष ओपीडीत वापरायला लागलो की गोंधळ. २००१ साली काही संशोधकांनी ‘पॅरानिओप्लास्टिक ऑटोइम्यून मल्टिऑर्गन सिंड्रोम’ असं नाव सुचवलं, कारण आजार त्वचेपुरता राहत नाही, फुप्फुसांपर्यंत जातो. मुद्दा बरोबर होता. पण पाहा, नाव बदललं तरी ‘पॅरानिओप्लास्टिक’ काही सुटलं नाही.

आता आकडे. सिनॉप्सिसमध्ये हेच उतरवले जातात म्हणून जरा थांबू. २००४च्या एका परीक्षण-लेखात १९९० ते २००३ मधले छापील १६३ रुग्ण मोजले आहेत. त्यात नॉन-हॉजकिन लिम्फोमा ३८.६ टक्के, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया १८.४ टक्के, कॅसलमन १८.४ टक्के. रक्त आणि लसीकासंस्थेशी संबंधित गाठी सगळ्या मिळून सुमारे ८४ टक्के. काम मेहनतीचं आहे, यात वाद नाही. पण हे टक्के कशाचे आहेत? छापून आलेल्या केस रिपोर्टांचे. ज्या रुग्णात काही नवीन होतं, ज्याच्या गाठीचं नाव दुर्मिळ होतं, ज्याच्या डॉक्टरांना लिहायला वेळ होता, तो छापला गेला. एखाद्या साध्या लिम्फोमाच्या रुग्णाच्या तोंडात जखमा झाल्या आणि त्या केमोथेरपीमुळे आल्या असं समजलं गेलं, तर तो मोजलाच गेला नाही. तेव्हा ‘८४ टक्के रुग्णांत’ असं लिहू नका, ‘छापील १६३ रुग्णांपैकी सुमारे ८४ टक्क्यांत’ असं लिहा. चार शब्द वाढतात, पण व्हायवामध्ये तेच वाचवतात.

मृत्यूच्या आकड्यांत तर हा फरक उघडा पडतो. जुन्या लेखांत या आजारात ९० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावतात असं सर्रास वाचायला मिळतं. २०१२ साली फ्रान्समधल्या गटानं ५३ रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. एक वर्षानंतर जिवंत ४९ टक्के, तीन वर्षांनी ४१ आणि पाच वर्षांनी ३८. भीषण आहेच. पण ज्या घरात बसून कोणी हे आकडे ऐकत असेल, त्याच्यासाठी दहातला एक आणि दहातले चार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. केस रिपोर्टांची बेरीज आणि एका देशातल्या रुग्णांचा पद्धतशीर पाठपुरावा या दोन वेगळ्या गोष्टी, आणि त्या एकाच वाक्यात ‘मृत्युदर ६० ते ९० टक्के’ अशा मिसळून टाकणं हा आळस आहे. मला हे वाक्य जिथं दिसतं तिथं मी पुढचं वाचताना जरा सावध होते.

मग गाठीचा संबंध खोटाच का? नाही, अजिबात नाही. उलट तो खरा असल्याचा सगळ्यात चांगला पुरावा टक्केवारीच्या बाहेर आहे. चीनमधल्या संशोधकांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये दाखवलं की या रुग्णांच्या कॅसलमन गाठीतल्या बी-पेशी स्वतःच त्या अँटीबॉडी बनवतात. अँटीबॉडीचा कारखाना गाठीतच सापडला. आणि गाठ पूर्ण काढली की पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत त्वचा आणि तोंड पुष्कळदा सुधारू लागतं. हा पुरावा रुग्णांच्या मोजणीवर उभा नाही, म्हणून व्याख्येच्या त्या भोवऱ्यात सापडत नाही. पण तो मुख्यतः कॅसलमनचा पुरावा आहे. तोच उचलून लिम्फोमाला आणि ल्युकेमियाला जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. तिथं गाठीवर उपचार होऊनही फोडांचा आजार पुढे चालू राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

मोजणीच करायची तर कशी करायची, याचं एक बरं उदाहरण याच कुटुंबातल्या दुसऱ्या आजाराचं आहे. डोळे, तोंड, घसा यांच्या अस्तरावर फोड आणून व्रण ठेवणारा म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड. त्याच्या एका प्रकारात लॅमिनिन-३३२ या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असतात. २००१ साली लॅन्सेटमध्ये अमेरिकेतल्या ईगन आणि सहकाऱ्यांनी असे ३५ रुग्ण घेतले. निवड अँटीबॉडीवरून केली, कर्करोगावरून नाही. मग त्यांच्यात किती जणांना कर्करोग झाला ते मोजलं. १० जणांना. आणि त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांत किती अपेक्षित होते त्याच्याशी ताडून बघितलं. धोका सुमारे ६.८ पट निघाला. रुग्ण थोडे, मोठ्या केंद्रात पोचलेले, त्यामुळे आकड्याला चिकटून बसायचं कारण नाही. नंतरच्या सगळ्याच मालिकांत हा धागा इतका ठळक दिसलेला नाही. तरी क्रम बघा : आधी आजाराची व्याख्या गाठीशिवाय, मग गाठींची मोजणी, मग अपेक्षित संख्येशी तुलना. बुलस पेम्फिगॉइड आणि कर्करोग यांच्या बाबतीत वर्षानुवर्षं वाद चालला तो हीच तुलना नीट न केल्यामुळे. दोन्ही म्हातारपणीचे आजार, एकत्र दिसणारच. शिवाय एकदा फोडांचं निदान झालं की डॉक्टर स्कॅन करतात, आणि शोधलं की सापडतं.

अपेक्षित संख्या मात्र हवेतून येत नाही. त्यासाठी लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी लागते. मुंबईत ती १९६३ पासून आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून, आणि विदर्भात नागपूर आणि वर्ध्याची आहे. तुमच्यापैकी कोणाला त्वचारोग आणि कर्करोग असा विषय घ्यायचा असेल तर आधी या नोंदणींचे अहवाल उघडा.

आपल्या भागापुरतं आणखी एक. भंडारा-गोंदिया-नागपूर पट्ट्यात खर्रा किती खाल्ला जातो हे तुम्हाला सांगायला नको. तोंडातली बरी न होणारी जखम घेऊन माणूस आला की आधी खर्रा आठवतो, तोंड उघडतं का ते बघतात, कर्करोगाची शंका घेतात. ते बरोबरच आहे, कारण शक्यता तिकडचीच जास्त. त्याहीआधी घरी ‘उष्णता झाली’ म्हणून महिनाभर काढलेला असतो. हा आजार जगभर काही शे रुग्णांतच नोंदला गेलेला, इतका दुर्मिळ. तेव्हा प्रत्येक तोंडात तो शोधा असं कोणी म्हणणार नाही. पण ओठांपर्यंत पसरलेल्या, जीभ सोलवटलेल्या, स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या तोंडाची बायोप्सी करताना एक साधी गोष्ट निदान शक्य करते किंवा कायमचं घालवते : तुकडा कशात ठेवला. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्यावर पेशींची रचना दिसते, पण थेट इम्युनोफ्लुरेसन्स त्यावर होत नाही. त्यासाठी जखमेच्या कडेचा, न फुटलेल्या जागेचा दुसरा तुकडा मिशेल माध्यमात ठेवावा लागतो. त्यात तो काही दिवस टिकतो. म्हणजे तुमसर रोडवरून गाडीनं नागपूरला, हवं तर मुंबईलाही जाऊ शकतो. मोठी प्रयोगशाळा गावात असायची गरज नाही, बाटली असायला हवी.

भारतातून या आजाराचे जे केस रिपोर्ट छापले गेलेत ते वाचताना हेच लक्षात ठेवा. ते बहुतेक मोठ्या शिक्षणसंस्थांतून येतात. त्यावरून ‘हा आजार महानगरांत आढळतो’ असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चूक. तो नकाशा रुग्णांचा नाही, सूक्ष्मदर्शकांचा आणि लिहिणाऱ्या हातांचा आहे. भंडारा जिल्ह्याच्या नावानं शोधून काही मिळालं नाही, याचा अर्थ इथं रुग्ण नाहीत असा होत नाही आणि आहेत असाही होत नाही.

सराव म्हणून एक काम देते. १९९३चे सहा निकष वहीत उतरवा. प्रत्येकासमोर लिहा, ही तपासणी तुमच्या तालुक्यात, जिल्ह्यात, की नागपूर-मुंबईत होते. मग चार काल्पनिक रुग्ण घ्या. एकाला गाठ आहे पण आजार साधाच पेम्फिगस आहे, योगायोगानं दोन्ही. दुसऱ्याला खरा पॅरानिओप्लास्टिक आजार आहे पण गाठ अजून सापडलेली नाही. तिसऱ्याला गाठही आहे आणि आजारही, पण रॅटच्या मूत्राशयाची चाचणी नकारार्थी आली. चौथ्याची गाठ काढून झाली, तोंड बरं झालं, पण धाप लागते. या शेवटच्यासाठी थोडी मदत करते. १९९९ साली याच आजारातल्या श्वसनाच्या बिघाडावर न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पेपर आला. फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या अरुंद होतात आणि गाठ काढूनही तो बिघाड सहसा उलटत नाही. आपल्याकडे स्टेरॉइडवरच्या रुग्णाला धाप लागली की आधी टीबी आठवतो. आता चौघांपैकी कोणाला तुमच्या तक्त्यानं नाव मिळतं आणि कोणाला नाही, ते भरा. दुसऱ्या रुग्णाच्या रकान्यात काय आलं ते आधी बघा.